१७ अंशांवरचं झायमोसान: प्रॉपरडिनचा वाद आणि पूरक प्रणालीची दुसरी वाट

२० ऑगस्ट १९५४ रोजी ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात सहा लेखकांचा एक शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव लुई पिलेमर यांचं, ठिकाण क्लीव्हलँडमधलं वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ. माणसाच्या रक्तात प्रॉपरडिन नावाचं एक प्रथिन आहे, ते मॅग्नेशियम आणि पूरक प्रणालीच्या (कॉम्प्लिमेंटच्या, म्हणजे जंतू मारायला मदत करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या साखळीच्या) घटकांना हाताशी धरून जिवाणू मारतं, काही विषाणू निष्प्रभ करतं, आणि त्यासाठी त्याला नेमक्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) गरज लागत नाही, असा त्यांचा दावा होता. चारेक वर्षांत या दाव्याची रया गेली. त्यानंतर तेरा वर्षांनी तो बराचसा खरा निघाला. मधल्या काळात पिलेमर वारले होते.

ही गोष्ट सहसा एकाच साच्यात सांगितली जाते: काळाच्या पुढे असलेला शास्त्रज्ञ आणि त्याला न समजून घेणारे समकालीन. मला ती मांडणी पटत नाही. टीकाकारांचे आक्षेप नेमके आणि प्रामाणिक होते, आणि पिलेमर यांच्या हातातला पुरावा त्यांच्या दाव्याएवढा मोठा नव्हता. शिवाय दोन्ही बाजू एकच प्रश्न विचारत होत्या: ही प्रक्रिया सुरू कोण करतं? पूरक प्रणाली नेमकी कशी जागी होते हे समजून घ्यायचं तर हा प्रश्नच कुठे अडला, ते पाहावं लागतं.

१९५४ पर्यंतची समजूत

ज्यूल्स बोर्दे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवून दिलं होतं, की सीरमने (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाने) जिवाणू किंवा परक्या तांबड्या पेशी फोडण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक उष्णतेला टिकणारी, म्हणजे प्रतिपिंड. दुसरी ५६ अंशांवर अर्धा तास तापवलं की निकामी होणारी. या दुसरीला पुढे ‘कॉम्प्लिमेंट’ हे पॉल एर्लिख यांनी दिलेलं नाव चिकटलं. आजही प्रयोगशाळांत सीरम ‘इनॲक्टिव्हेट’ करायचं असेल तर ५६ अंश आणि ३० मिनिटं हेच आकडे वापरतात.

१९५० च्या सुमारास या पूरक प्रणालीचे चार घटक मानले जात: सी-१, सी-२, सी-३ आणि सी-४. ते कामाला लागतात तो क्रम मात्र १, ४, २, ३ असा. कारण क्रमांक सापडण्याच्या ओळीने दिले गेले आणि कामाचा क्रम नंतर कळला. ही गैरसोय आजचे विद्यार्थीही भोगतात. तेव्हाचा ‘सी-३’ म्हणजे खरं तर एक गाठोडं होतं. पुढे १९६० च्या दशकात ते सोडलं गेलं तेव्हा त्यातून सी-३, सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि सी-९ अशी सहा प्रथिनं निघाली. पिलेमर यांच्या प्रयोगांत ‘सी-३ नाहीसा झाला’ असं जिथे लिहिलं आहे, तिथे मोजमाप या गाठोड्याचं आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

सुरुवात प्रतिपिंडापासूनच होते, याबद्दल फारसा वाद नव्हता. प्रतिपिंड लक्ष्याला चिकटतो, सी-१ प्रतिपिंडाला चिकटतो, मग सी-४ आणि सी-२ कापले जातात आणि पुढची साखळी सुटते. आज हिला आपण अभिजात मार्ग म्हणतो. रुग्णालयांच्या दृष्टीने तर पूरक प्रणाली म्हणजे मुख्यतः गिनीपिगचं सीरम, सिफिलिसच्या वासरमन चाचणीत लागणारी एक बाटली. प्रतिपिंड तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. मग पहिल्या दिवशी घुसलेल्या, आधी कधीच न भेटलेल्या जंतूचं काय होतं, हा प्रश्न या समजुतीच्या चौकटीत बसतच नव्हता.

प्रयोग

पिलेमर हा नवखा माणूस नव्हता. जन्म १९०८, जोहान्सबर्गचा. लहानपणीच अमेरिकेत आलेला. १९४६ मध्ये धनुर्वाताच्या विषाचे स्फटिक वेगळे करणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते, आणि एन्रिके एकर यांच्यासोबत पूरक घटकांच्या शुद्धीकरणावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून मिळणारा झायमोसान हा न विरघळणारा पदार्थ त्यांना त्याच काळापासून परिचयाचा होता. माणसाच्या ताज्या सीरममध्ये झायमोसान टाकून ३७ अंशांवर ठेवलं, की सी-३ चं कार्य नाहीसं होतं. सी-१, सी-२ आणि सी-४ मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहतात.

इथेच पहिली शंका येते. अभिजात मार्गाने गेलं असतं, तर सी-३ च्या आधी सी-४ आणि सी-२ खर्ची पडायला हवे होते. १९५३ मध्ये पिलेमर यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला: या क्रियेला मॅग्नेशियम आयन लागतात. अभिजात मार्गाला मॅग्नेशियमबरोबर कॅल्शियमही लागतं, कारण सी-१ चे तुकडे कॅल्शियमनेच एकत्र राहतात. हा फरक पुढे इतका उपयोगी ठरला, की आज अभिजात मार्ग बंद करून दुसरा तपासायचा असेल तर सीरममध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए आणि वरून मॅग्नेशियम घालतात.

आता मुख्य प्रयोग. तेच सीरम, तेच झायमोसान, पण तापमान ३७ ऐवजी १७ अंशांच्या आसपास. या तापमानाला सी-३ शाबूत राहतो. थोड्या वेळाने झायमोसान गाळून काढायचं आणि उरलेलं सीरम तपासायचं. त्यात चारही पूरक घटक जागेवर असतात. तरीही त्यात नवं झायमोसान टाकून ३७ अंशांवर ठेवलं, तर सी-३ ला काहीच होत नाही. म्हणजे गार अवस्थेत झायमोसानने सीरममधून पाचवं काहीतरी उचलून नेलं. ते झायमोसान जास्त क्षार असलेल्या द्रावणात धुतलं, की चिकटलेलं सुटून येतं, आणि ते परत सीरममध्ये घातलं की क्रिया पुन्हा चालू होते. हेच प्रॉपरडिन.

अशा प्रकारचे प्रयोग मला नेहमीच देखणे वाटतात: काढलं तर थांबतं, घातलं तर चालतं. पण जे काढलं त्यात एकच वस्तू होती, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. सगळा वाद पुढे या फटीतूनच आत शिरला.

पिलेमर यांच्या गटाने प्रॉपरडिनला आणखी दोन साथीदार जोडले. फॅक्टर ए, जो हायड्रॅझीन या रसायनाने निकामी होतो. आणि फॅक्टर बी, जो ५० अंशांच्या आसपास तापवलं की जातो. १९५६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून अजून एक निबंध आला. पीएनएच या आजारातल्या (रात्रीतून तांबड्या पेशी फुटून सकाळी लघवी गडद होणारा आजार) रुग्णांच्या पेशी प्रॉपरडिन प्रणालीने फुटतात, असं त्यात म्हटलं होतं. थॉमस हॅम यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं, की या पेशी किंचित आम्लयुक्त केलेल्या सीरममध्ये फुटतात आणि त्याला पूरक घटक लागतात. तेच हॅम १९५० पासून वेस्टर्न रिझर्व्हमध्ये शिकवत होते. हा पीएनएचचा धागा पुढे कामाला येईल.

दरम्यान प्रॉपरडिनची कीर्ती प्रयोगशाळेबाहेर गेली. वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी ते उचलून धरलं. किरणोत्सर्ग, रक्तस्रावाचा धक्का, कर्करोग, जे म्हणाल त्यात प्रॉपरडिनची पातळी मोजली जाऊ लागली. उंदरांना झायमोसान टोचून प्रॉपरडिन वाढवण्याचे प्रयोग झाले. मोजण्याची पद्धत मात्र फार नाजूक होती. प्रॉपरडिन काढून टाकलेलं चांगलं सीरम बनवणंच कठीण, आणि दुसऱ्या प्रयोगशाळांत आकडे जुळत नव्हते. पुराव्यापेक्षा प्रसिद्धी पुढे धावली, असं माझं मत आहे, आणि त्याचा भार शेवटी पुराव्यावरच पडला.

आक्षेप

रॉबर्ट नेल्सन हे पूरक प्रणालीतलंच मोठं नाव. त्यांचा सविस्तर आक्षेप १९५८ मध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस यीस्टच्या सान्निध्यात जन्मभर राहतो. त्यामुळे प्रत्येकाच्या सीरममध्ये यीस्टच्या शर्करांविरुद्ध थोडे नैसर्गिक प्रतिपिंड असतातच. १७ अंशांवर हे प्रतिपिंड झायमोसानला चिकटतील, त्यांच्यासोबत पूरक प्रणालीचे सुरुवातीचे घटक थोडे-थोडे ओढले जातील, आणि सी-३ वरची पुढची पायरी मात्र गारव्यामुळे थांबून राहील. झायमोसान गाळलं की प्रतिपिंडही गेले. मग सीरम ‘काम करेनासं’ होणारच. यासाठी नवं प्रथिन कशाला मानायचं?

या आक्षेपाला तेव्हा ठोस उत्तर नव्हतं. पिलेमर यांचं प्रॉपरडिन पूर्ण शुद्ध नव्हतं, आणि त्यात प्रतिपिंडांचा अंश नाही असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. फॅक्टर ए हायड्रॅझीनने मरतो? सी-४ सुद्धा मरतो. फॅक्टर बी थोड्या उष्णतेने जातो? सी-२ सुद्धा जातो. मग हे दोन फॅक्टर म्हणजे वेष बदललेले सी-४ आणि सी-२ नाहीत कशावरून?

आज मागे वळून पाहताना यातली गंमत दिसते. फॅक्टर बी आणि सी-२ ही खरोखरच भावंडं आहेत. एकाच मूळ जनुकाच्या द्विरुक्तीतून आलेली, आणि माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावर आजही शेजारी-शेजारी बसलेली. फॅक्टर ए पुढे सी-३ हाच निघाला, आणि सी-३ व सी-४ हीसुद्धा भावंडंच. दोघांच्याही पोटात थायोएस्टर नावाचा एक दुर्मीळ, ताणलेला रासायनिक बंध असतो, आणि हायड्रॅझीन नेमका तोच तोडतं. म्हणजे नेल्सन यांना जे साम्य दिसलं ते भास नव्हता. दोन वेगळ्या वाटा एकाच घराण्यातल्या प्रथिनांनी बांधलेल्या होत्या, आणि १९५८ मधल्या साधनांनी भावंडांना वेगळं ओळखणं जवळपास अशक्य होतं.

पिलेमर यांचा मृत्यू ३१ ऑगस्ट १९५७ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, औषधाच्या अतिमात्रेने झाला. तो अपघात होता की नाही, हे स्पष्ट झालं नाही. बऱ्याच ठिकाणी या मृत्यूचा थेट संबंध टीकेशी जोडलेला वाचायला मिळतो. नेल्सन यांचा निबंध छापून येण्याआधीच पिलेमर गेले होते, आणि एका माणसाच्या अखेरच्या दिवसांचं कारण एका शास्त्रीय वादात शोधणं मला उथळ वाटतं. शास्त्राच्या बाजूने एवढंच नोंदवता येतं, की फॅक्टर ए आणि फॅक्टर बी यांचे गुणधर्म मांडणारे निबंध १९५९ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, सहकाऱ्यांनी पूर्ण करून छापले. तोवर ऐकणारे फारसे उरले नव्हते.

निकाल कशाने लागला

एका निर्णायक प्रयोगाने नाही. तीन-चार वेगळ्या दिशांनी, आणि त्यातल्या काही जणांना प्रॉपरडिनशी देणंघेणंही नव्हतं.

अर्विन लेपो हे पिलेमर यांचे विद्यार्थी आणि १९५४ च्या निबंधाचे सहलेखक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शुद्धीकरणाचं काम सोडलं नाही. १९६८ मध्ये त्यांनी अत्यंत शुद्ध प्रॉपरडिनचे गुणधर्म प्रसिद्ध केले: ते स्वतंत्र प्रथिन आहे, प्रतिपिंडांच्या वर्गातलं नाही. त्याच सुमारास जिवाणूंच्या भित्तिकेतल्या एंडोटॉक्सिन या विषारी घटकावर काम करणाऱ्यांना दिसलं, की एंडोटॉक्सिन सीरममधले सी-३ पासून पुढचे घटक भरपूर खातं, पण सी-१, सी-४ आणि सी-२ ला फारसा हात लावत नाही. पिलेमर यांचाच जुना निष्कर्ष, फक्त यीस्टऐवजी जिवाणू.

नागाच्या विषाकडूनही एक वाट आली. विषातलं एक प्रथिन पूरक प्रणाली रिकामी करतं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. हान्स म्युलर-एबरहार्ड यांच्या गटाला आढळलं, की हे प्रथिन सीरममधल्या एका घटकाशी जोडी जमवून सी-३ कापतं. तो घटक म्हणजे पिलेमर यांचा फॅक्टर बी. लेपो यांच्या प्रयोगशाळेने १९७१ मध्ये हा संबंध दाखवला; त्याच वर्षी ओटो ग्यॉट्झ आणि म्युलर-एबरहार्ड यांनी सी-३ सक्रिय करणाऱ्या पर्यायी मार्गाचा, म्हणजे या दुसऱ्या वाटेचा, निबंध प्रसिद्ध केला.

पण माझ्या मते नेल्सन यांच्या आक्षेपाला खरं उत्तर गिनीपिगांनी दिलं. १९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जन्मतःच सी-४ नसलेले गिनीपिग सापडले. सी-४ नाही म्हणजे अभिजात मार्ग सी-३ पर्यंत पोचूच शकत नाही, मग सीरममध्ये कितीही नैसर्गिक प्रतिपिंड असोत. या प्राण्यांच्या सीरममध्ये एंडोटॉक्सिन घातलं, तर सी-३ पासून पुढची साखळी तरीही खर्ची पडली. रसायनांनी घटक ‘काढून टाकला’ असं म्हणताना नेहमी शंका उरते. जो घटक शरीरात कधी बनलाच नाही, त्याबद्दल ती उरत नाही. इतक्या वर्षांच्या शब्दच्छलापेक्षा या एका निरीक्षणाचं वजन जास्त होतं.

मग सुरुवात कोण करतं?

प्रॉपरडिन सुरुवात करतं, हे पिलेमर यांचं उत्तर. प्रतिपिंड करतात, हे नेल्सन यांचं. १९७० च्या दशकात पीटर लॅकमन आणि इतरांच्या कामातून जे चित्र उभं राहिलं, त्यात या वाटेला मुळात कुणी सुरुवात करावीच लागत नाही. ती सतत चालूच असते.

रक्तद्रवात सी-३ भरपूर असतो, लिटरला साधारण एक ते दीड ग्रॅम. त्याच्या पोटातला तो थायोएस्टर बंध अधूनमधून आपोआप पाण्याच्या रेणूने तुटतो. असा तुटलेला सी-३ आकार बदलतो आणि फॅक्टर बी ला धरतो. फॅक्टर डी हे एन्झाइम लगेच फॅक्टर बी कापतं. तयार झालेली जोडी स्वतःच एक कात्री बनते आणि आसपासचे सी-३ कापू लागते. कापलेल्या सी-३ चा मोठा तुकडा, सी-३बी, क्षणभर अतिशय चिकट असतो. त्या क्षणात जो पृष्ठभाग समोर येईल त्याला तो पक्का जोडला जातो: जिवाणू असो, यीस्ट असो, की आपलीच तांबडी पेशी. चिकटलेला सी-३बी पुन्हा फॅक्टर बी ला बोलावतो, पुन्हा कात्री बनते, पुन्हा सी-३ कापला जातो. एकाचे दहा, दहाचे शंभर.

मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखी ही अवस्था आहे. आच कधी बंद होत नाही; ऊतू जाऊ नये म्हणून पाण्याचा हबका मारणारं कुणी तरी शेजारी उभं असतं इतकंच. आपल्या पेशींवर हे काम फॅक्टर एच करतो. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्लाला ओळखून तो तिथल्या सी-३बी ला घट्ट बिलगतो, कात्री मोडतो आणि फॅक्टर आय या एन्झाइमकडून सी-३बी चे तुकडे करून घेतो. पेशींच्या आवरणात रोवलेलं सीडी५५ हे प्रथिनही तीच कात्री मोडतं. यीस्टच्या भित्तिकेवर सायलिक आम्ल नाही, सीडी५५ नाही, फॅक्टर एचला धरून ठेवणारं काही नाही. म्हणून झायमोसानवर दूध उतू जातं.

हे केवळ तर्काने ठरलेलं नाही. मेंढीच्या तांबड्या पेशी माणसाच्या सीरममधली ही दुसरी वाट पेटवत नाहीत; सशाच्या पेटवतात. सशाच्या पेशींवर सायलिक आम्ल कमी असतं. १९७८ मध्ये मेंढीच्या पेशींवरचं सायलिक आम्ल एन्झाइमने खरवडून काढलं गेलं, आणि त्या पेशीही वाट पेटवू लागल्या. पेशीवर नवीन काही लावलं नव्हतं; होतं ते काढलं होतं. पर्यायी मार्गाची क्षमता मोजायला आजही सशाच्या पेशी आणि मॅग्नेशियम-ईजीटीए हीच जोडी वापरतात.

प्रॉपरडिनची जागा यात कुठे? सी-३बी आणि फॅक्टर बी ची कात्री फार अल्पायुषी असते; तिचं अर्धायुष्य दीड मिनिटाच्या आसपास. प्रॉपरडिन तिला धरून ठेवतं आणि आयुष्य पाच ते दहा पटींनी वाढवतं. म्हणजे पिलेमर यांना सापडलं ते खरंच होतं, त्याच्यावाचून त्यांची क्रिया थांबत होती हेही खरं, फक्त त्याचं काम काडी ओढण्याचं नसून जळत ठेवण्याचं निघालं. आणि हे काम किरकोळ नाही. १९८२ मध्ये स्वीडनमधल्या एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला: प्रॉपरडिन नसलेले पुरुष आणि त्यांच्यातला मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जिवाणूचा भयंकर संसर्ग. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुख्यतः पुरुषांनाच होतो. मेनिंगोकॉकस स्वतःही या लढ्यात मुरलेला आहे. तो आपल्या पृष्ठभागावर फॅक्टर एचला पकडणारं प्रथिन बाळगतो आणि आपली ओळख उसनी घेतो. तेच प्रथिन आता बी गटाच्या मेनिंगोकॉकसविरुद्धच्या लसींत वापरलं जातं.

नेल्सन यांचंही सगळंच चुकलं नव्हतं. झायमोसानविरुद्धचे प्रतिपिंड सीरममध्ये असतात आणि ते पर्यायी मार्गाला वेग देतात, हे पुढे दिसलं. शिवाय त्या नळीत तिसरंही कुणी होतं, ज्याची कल्पना दोन्ही बाजूंना नव्हती. यीस्टच्या भित्तिकेतल्या मॅनन या शर्करेला चिकटणारं एमबीएल हे प्रथिन प्रतिपिंडाशिवायच सी-४ आणि सी-२ कापायला लावतं. या लेक्टिन मार्गाची उकल १९८० आणि ९० च्या दशकांत झाली. म्हणजे १९५४ मध्ये क्लीव्हलँडच्या काचेच्या नळीत पूरक प्रणालीचे तिन्ही मार्ग एकाच वेळी हजर होते. अशा मिश्रणातून स्वच्छ उत्तर निघणं अवघडच होतं. शरीरातही हे मार्ग वेगवेगळे धावत नाहीत. अभिजात मार्गाने सुरुवात झाली, तरी पहिला सी-३बी पडला की पर्यायी मार्गाचं चक्र तो वाढवू लागतं. काही प्रयोगांत शेवटच्या सक्रियतेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग या चक्राचा असल्याचं दिसलं आहे.

पीएनएच, पुन्हा

पिलेमर यांच्या गटाने १९५६ मध्ये तपासलेल्या त्या पेशी का फुटत होत्या, हे १९९३ मध्ये कळलं. या रुग्णांच्या अस्थिमज्जेतल्या काही मूळपेशींत पीआयजी-ए जनुकात बिघाड असतो. त्यामुळे सीडी५५ आणि सीडी५९ ही रक्षक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागाला टांगून ठेवणारा दुवाच बनत नाही. पेशी आपल्याच असतात, पण त्यांच्यापाशी हबका मारायला कुणी नसतं. बाहेरून कुणी हल्ला करावा लागत नाही. नेहमीची मंद आच पुरते.

२००७ मध्ये या आजारासाठी सी-५ अडवणारं एक्युलिझुमॅब आलं. पेशी रक्तवाहिनीत फुटणं त्याने थांबलं, पण सी-५ च्या आधीची पायरी मोकळीच राहिली: पेशींवर सी-३ चे तुकडे साचत गेले आणि यकृत व प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांना गिळू लागल्या. काही रुग्णांत रक्तक्षय रेंगाळला तो यामुळे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत इप्टाकोपॅन या तोंडाने घ्यायच्या औषधाला मान्यता मिळाली. ते अडवतं फॅक्टर बी ला, ५० अंशांवर मरणाऱ्या आणि ‘हा सी-२ च असावा’ म्हणून बाजूला ठेवल्या गेलेल्या त्याच घटकाला. अशा औषधांवरच्या रुग्णांना मेनिंगोकॉकसची लस आधी द्यावी लागते. स्वीडनच्या त्या कुटुंबाचा अनुभव पाहता ते ओघानेच आलं.

आपल्याकडे हीच वाट बालमूत्रपिंडतज्ज्ञांना वेगळ्या रूपात भेटते. असामान्य हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम या आजारात मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि लघवी बंद पडते. पाश्चात्त्य देशांत त्यामागे बहुधा पूरक नियंत्रकांच्या जनुकांतले दोष असतात. भारतीय मुलांच्या मोठ्या अभ्यासात मात्र निम्म्याहून अधिक जणांत फॅक्टर एच विरुद्ध स्वतःच्याच शरीराने बनवलेले प्रतिपिंड आढळले. निदान लवकर झालं तर प्लाझ्मा बदलणं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांनी यातली बरीच मुलं सावरतात, म्हणून अशा मुलात फॅक्टर एच प्रतिपिंडांची चाचणी लवकर पाठवण्यावर भर असतो.

एक उघडी बाजू

प्रॉपरडिन फक्त कात्री टिकवतं की काही पृष्ठभागांवर ते स्वतः आधी जाऊन बसतं, हा प्रश्न २००७ नंतर पुन्हा वर आला. काही प्रयोगांत शुद्ध प्रॉपरडिन झायमोसानला आणि काही जिवाणूंना थेट चिकटलं आणि मग सी-३बी ला तिथे बोलावलं. पिलेमर यांचं मूळ उत्तरच परत आल्यासारखं. त्यावर दुसऱ्या गटांनी दाखवलं, की पूर्ण सीरममध्ये सी-३ ची सक्रियता रोखून धरली तर प्रॉपरडिन झायमोसानवर बसत नाही. म्हणजे आधी सी-३बी, मग प्रॉपरडिन. अडचण तीच जुनी आहे, शुद्धीकरणाची. प्रॉपरडिन रक्तात दोन, तीन किंवा चार कड्यांच्या साखळ्यांत असतं. शुद्ध करून गोठवलं आणि वितळवलं, की त्याचे मोठे पुंजके बनतात, आणि हे पुंजके दिसेल त्याला चिकटतात. त्यामुळे आता काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळा गोठवलेलं प्रॉपरडिन तसंच वापरत नाहीत. आधी आकारानुसार स्तंभातून गाळून पुंजके वेगळे काढतात, आणि मगच ते झायमोसानवर घालून पाहतात.